अण्णांच्या गाडीची मागची दोन चाकं

गाडी घेतली की कंपनी सर्व्हिस बुक देते. किती किलोमीटरला कुठलं तेल बदलायचं, सगळं छापलेलं असतं. पण गाडी घेतल्यावर किस्से किती साठतील आणि ते कुठं ठेवायचे, हे कुणी छापत नाही. आमच्या तिघांच्या गाड्यांचे इतके साठलेत की डिकी लागत नाही बघा!

तिघं म्हणजे कोण, ते आधी सांगतो. मी आष्ट्याचा, माझं बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. दुसरे सांगलीचे अण्णा, हळदीचे व्यापारी. तिसरे सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे, लष्करात गाड्या चालवून रिटायर झालेले. तिघांनी एकाच प्रकारची गाडी घेतली. घरच्या सहा-सात माणसांना पुरेल अशी आणि चारी चाकं ओढणारी. म्हणजे एरवी पुढची दोनच चाकं ओढतात आणि चिखल, घसरण आली की मागची दोनही आपोआप कामाला लागतात. ना दांडा ओढायचा, ना बटण दाबायचं.

गाडी घेण्याआधी अण्णा आठ महिने शोरूम हिंडत होते. प्रत्येक ठिकाणी सेल्समन इंजिनाची ताकद सांगायचा आणि अण्णा विचारायचे, “मागची शीट पाडली तर पोती किती बसत्यात?” एका शोरूममध्ये तर ते रिकामं पोतं बरोबर घेऊनच गेले आणि डिकीत अंथरून बघितलं.

शेवटी एक गाडी पसंत पडली. भाव ठरवायची वेळ आली. अण्णांच्या वडिलांच्या काळात हळदीचे सौदे रुमालाखाली बोटं दाबून व्हायचे, शेजाऱ्याला भाव कळू नये म्हणून. अण्णांच्या हातात ती सवय अजून आहे. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, सेल्समनचा हात त्याखाली घेतला आणि त्याची तीन बोटं दाबली. तो सुटाबुटातला माणूस लाल झाला. इकडं तिकडं बघत हळूच म्हणाला, “सर, आमच्याकडे मॅनेजरला विचारावं लागतं.”

अण्णा म्हणाले, “मग त्यांचाबी हात आणा की.”

*

दसऱ्याला गाडी दारात आली. अण्णांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, ओवाळलं, हळदकुंकू लावलं, आणि मग गाडीभोवती एक फेरी मारून विचारलं, “आवं, साधी न्हवती का मिळत? ह्यात जास्तीचं काय हाय?”

अण्णांनी मागच्या दोन चाकांचं सगळं समजावून सांगितलं. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. वहिनी भांडत नाहीत. त्या अटी घालतात.

“पुढची दोन ओढत्यात ते मला कळलं. मागची दोन कवा ओढत्यात ते पुढच्या दसऱ्यापतोर मला एकदा दावा. न्हाई दावलं तर ही इकायची आन साधी घ्यायची.”

आमच्या समोर अण्णा “व्हय” म्हणून गेले. व्यापारी माणूस, दिलेला शब्द म्हणजे दिलेला. झालं! तेव्हापासून वर्षभर आमचा एकच उद्योग होता, वहिनींना अण्णांच्या गाडीची मागची दोन चाकं दाखवायची.

*

पण त्याआधी टायरचं ऐका. तीन-चार महिन्यांतच अण्णांनी गाडी तुटलेल्या उसाच्या रानात घातली. उसाची बुडखी सुरीसारखी असतात. एक टायर बाजूनं फाटला. अण्णांनी ओळखीच्या दुकानातून एकच नवा टायर आणून बसवला आणि फोटो आमच्या ग्रुपवर टाकला.

असल्या गाडीला चारी टायर सारखे झिजलेले लागतात. एक नवा आणि तीन जुने चालत नाहीत, मधल्या यंत्रावर ताण येतो. मला हे माहीत होतं, आणि माझं डोकं अशा वेळी लवकर तापतं. मी ग्रुपवर नको इतकं लांब लिहिलं. अण्णांनी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला.

शेवटी त्यांना दस्तगीरभाईच्या गॅरेजमध्ये नेलं. दस्तगीरभाई आम्हा तिघांचा मेकॅनिक. त्यानं चारी चाकांवरून हात फिरवला आणि म्हणाला, “अण्णा, तीन म्हातारी आन एक जवान. चाल कशी जुळायची?”

अण्णांनी विचार केला. “मग असं कर, नव्याला घासून बाकीच्यांएवढा कर.”

दस्तगीरभाईनं पाना खाली ठेवला. नवा टायर परत गेला. सुभेदारांकडं झिजलेला एक पडून होता, मापाचा निघाला, तो बसवला. म्हातारा चौथा सापडला तेव्हा अण्णा इतके खूश झाले की सगळ्यांना उसाचा रस पाजला.

*

आता सुभेदारांचा किस्सा. दर रविवारी सकाळी त्यांच्या अंगणात गाडीची परेड असते. बॉनेट वर, टायरची हवा, ब्रेकचं तेल, वायपरचं पाणी, सगळं वहीत लिहायचं आणि खाली सही करायची. आमच्या गाड्या त्यांना बेशिस्त वाटतात. माझ्या सीटखाली एकदा त्यांना शेंगांची टरफलं सापडली, तर त्यांनी मला अंगणात उभं करून सुनावलं. मी पन्नाशीचा माणूस! पण उभा राहिलो.

जुलैत आम्ही कोयनानगरला जायचं ठरवलं. पाऊस, घाट, वळणं. वहिनींना दाखवायला यापेक्षा चांगली जागा नाही, असा आमचा हिशेब. निघायच्या आदल्या दिवशी सुभेदारांनी तिन्ही गाड्या तपासल्या. अण्णांच्या गाडीचे चाकांचे नट स्वतः आवळले. माझा जॅक बाहेर काढून पुसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही कऱ्हाड सोडलं आणि थोड्याच वेळात सुभेदारांची गाडी रस्त्याच्या कडेला गप्प झाली. आम्ही उतरलो. बॉनेट उघडलं, सगळं लखलखीत होतं. वहीत बघितलं, प्रत्येक ओळीपुढं बरोबरची खूण. शेवटी मीच काट्याकडं बघितलं. डिझेल संपलं होतं.

सुभेदार ताठ उभे. नजर समोर. म्हणाले, “तीस वर्षं गाडी चालवली. डिझेल भरायचं काम दुसऱ्याकडं असायचं.”

*

तर कोयनेचा घाट. अण्णा पुढं, शेजारी वहिनी, माझी गाडी पायथ्याला ठेवून मागच्या सीटवर मी, आणि मागून त्यांच्या गाडीत सुभेदार. पाऊस असा की वायपर दमले. अण्णा आनंदात. पण रस्ता? रस्ता नवाकोरा काँक्रीटचा! ज्या वळणाचं नाव घेऊन आम्ही वर्षानुवर्षं लोकांना घाबरवलं, ते वळणही गुळगुळीत. वहिनी घेवड्याच्या शेंगा मोडत बसलेल्या. अर्ध्या घाटात पातेलं भरलं.

मग एका वळणावर डोंगरातून थोडा राडा रस्त्यावर आलेला दिसला. दगड-माती, वरून पाणी वाहतंय. अण्णांनी गाडी थांबवली, काच खाली केली आणि हात बाहेर काढून मागच्या सुभेदारांना खूण केली. हीच ती जागा! वहिनींना त्यांनी शेंगा बाजूला ठेवायला लावल्या. “आता नीट बघ,” म्हणाले.

तेवढ्यात आमच्या मागून लाल एसटी आली आणि राडा तुडवत निघून गेली. तिच्या मागून एक जण स्कूटरवर. पायांत गॅसची टाकी, मागं बायको, बायकोच्या हातात छत्री. तोही गेला.

वहिनींनी पातेलं परत मांडीवर घेतलं.

परत येताना घाईच झाली, कारण अण्णा जैन, सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत आणि त्या ढगांत सूर्य आहे की गेला हेच कळेना. पाटणच्या अलीकडं एका शेडखाली उभ्यानं डबे सोडले. अण्णा भाकरी चावत घाटाकडं बघत होते. मला त्या दिवशी त्यांची खरंच दया आली.

*

दया आली म्हणून मी शहाणपणा केला. म्हटलं, नैसर्गिक चिखल मिळत नाही तर करू आपण. पाऊस उघडल्यावर माझ्या आष्ट्याच्या रानात अर्धा एकर काळी जमीन रिकामी होती. मोटार चालू केली आणि सकाळपासून दुपारपर्यंत पाणी सोडलं. वहिनींना बांधावर खुर्ची टाकून दिली. आधी माझी गाडी घालून दाखवायची, मग अण्णांची, असं ठरलं.

मी गाडी घातली. वीस पावलं छान गेली. मग ती बसायला लागली. पुढची चाकं गेली, मागची गेली. चारी चाकं ओढतात म्हणजे चारी चाकं खणतातही, हे मला त्या दिवशी समजलं. दार उघडलं तर चिखल आत आला.

सुभेदार बांधावरून म्हणाले, “टायर रस्त्याचे. चिखल शेतातला. ह्यात शत्रूची काय चूक न्हाई.”

शेजारचा तानाजी ट्रॅक्टर घेऊन आला. साखळी लावली, एका दमात गाडी बांधाला आणून ठेवली. वहिनी खुर्चीवरून उठल्या, ट्रॅक्टरभोवती फिरल्या, आणि तानाजीला विचारलं, “भाऊ, ह्याची किती चाकं ओढत्यात?”

तानाजी म्हणाला, “दोनच की. मागची.”

त्या दिवशी अण्णांनी आपली गाडी रानात घातलीच नाही.

*

शेवटचा किस्सा सप्टेंबरातला. दसरा पंधरा दिवसांवर आलेला. मी माल घ्यायला सांगलीला गेलो होतो, अण्णांच्या दुकानात चहा पीत होतो. कडेगावकडून वहिनींच्या भावाचा फोन आला. त्यांच्या आईला दोन दिवस ताप होता, आज उठवेना. ती माळावरच्या वस्तीवर राहते. भाऊ गाडी घेऊन न्यायला निघाला, तर वस्तीच्या पाणंदीत, म्हणजे शेतांमधल्या वाटेत, गाडी रुतून बसली. ट्रॅक्टर दुसऱ्या गावाला गेलेला.

अण्णा, वहिनी आणि मी अण्णांच्या गाडीतून निघालो. वहिनी मागं बसल्या.

पाणंदीच्या तोंडाशी पोचलो तर पाऊस पडून काळी माती लोण्यासारखी झालेली. भावाची गाडी मधोमध वाकडी उभी. कडेनं जायचं तर उतारावरचं रिकामं रान. मला माझ्या रानाची आठवण झाली. अण्णांनी काही विचारलं नाही. हळू पहिल्या गिअरवर गाडी उतारात घातली. पुढची चाकं घसरली, गाडी आडवी व्हायला लागली, आणि मग मागून कुणीतरी खांदा लावावा तसा ढकलल्याचा झटका बसला. मला तो पाठीत जाणवला. गाडी सरळ झाली आणि चालत राहिली.

मी अण्णांकडं बघितलं. अण्णांचं लक्ष फक्त रस्त्याकडं.

आईंना मागच्या सीटवर घेतलं. वहिनींनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, पदर ओला करून कपाळावर ठेवला. त्याच वाटेनं परत. पुन्हा तीच घसरण, पुन्हा तोच झटका. वहिनींनी मान वर करून बघितलंही नाही. विट्याला दवाखान्यात सलाइन लावलं, संध्याकाळी आईंनी चहा मागितला, आणि मगच आम्ही नीट श्वास घेतला.

बाहेर आल्यावर मी अण्णांना म्हटलं, “जिंकला तुम्ही. सांगा की वहिनींना.”

अण्णा म्हणाले, “आई आजारी असताना चाकांचं काय बोलायचं रं?”

नंतरही ते बोलले नाहीत. मी बोलतो म्हटलं तर मलाही बोलू दिलं नाही. “तिनं बघितलं न्हाई म्हंजे दावलं न्हाई,” म्हणाले. मला भयंकर राग आला. पण त्यांनी शब्द दिला होता, तो आमच्या समोर दिला होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी गाडी धुऊन घेतली आणि एका गिऱ्हाइकाला बोलावलं.

गिऱ्हाईक सांगलीतलंच, भला माणूस. त्याला गाडी पाहताक्षणी आवडली. मी आणि सुभेदार तोंडं पाडून ओट्यावर बसलो होतो. अण्णांनी किल्ली त्याच्यापुढं धरली. इतक्यात वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. ट्रे ठेवला, आणि अण्णांच्या हातातली किल्ली जाता जाता सहज काढून घेतली.

“भाऊ,” त्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, “मालकिणीचं माहेर कुठलं तुमच्या?”

“हितलंच, गावभागातलं. चालत जाती.”

“मग तुमाला पुढची दोन बास हायत की,” वहिनी म्हणाल्या. “चहा घ्या.”