दर घरचं एक लाकूड

आमच्या पाड्यातल्या पंचांचे किस्से म्हंजे नागलीची कणसं. एक चोळायला घ्यावं, तर ओटीभर दाणं! मला अक्षर वळखत नाय, म्हणून नात लिहिते. पण कोण काय बोललं ते माझ्याकडून घ्या.

आम्ही कोकणा आदिवासी, कळवणच्या डोंगरातले. आपला कोण नि परका कोण, हे सांगायचे देवरामबाबा, पंचांतले वडील.

\*

एकदा नाशकातल्या गंगापूर रोडचा साहेब गाडी घेऊन आला. "मी तुमच्यातलाच. जातीच्या सर्टिफिकेटाला पंचांचा अंगठा पायजे."

कुळाचे देव, वाघबारस, डोंगऱ्यादेवाची गाणी, सगळं धडाधडा म्हणून दाखवलं!

बाबा म्हणाले, "एवढं तर मलाबी येत नाय! पण कुणाच्या मयताला लाकूड आणलंस?"

आमच्यात माणूस गेलं की सरणाला दर घरचं एक लाकूड. आणलं तो घरचा.

साहेब म्हणाला, "एक काय, ट्रकभर पाठवतो!"

"आरं, मग तेवढी माणसं मारायची कुणी?"

\*

बाबांचा लेक नाशकात नोकरीला. चुलता वारला तर हात हलवत आला. बाबा सगळ्यांदेखत बोलले, "कागदावर तू माझा, पाड्यावर पाव्हणा. बस, चहा घे."

गडी इस्तरीच्या पँटीत रानात पळाला, ओंडका डोक्यावर घेऊनच आला!

\*

मग कौसा. देवळ्याला कांदा काढायला गेलेल्या आमच्या बायांसंगं आली. नवरा मेलेला, कडेवर मंदा. जात कुणी इचारली नाय. पाड्याच्या कडेला झोपडी घातली.

त्या श्रावणात बाबांची म्हातारी गेली. चार दिस झड, घराघरातलं लाकूड वलं, सरण पेटंना. कौसानं झोपडीचं दार उपटून आणलं. सुकं तेवढंच! पुढं किती वर्सं तिच्या दाराला गोणपाट.

\*

मंदा मोठी झाली. माझ्या नातवाचं मन तिच्यावर, माझंबी. कौसाच्या झोपडीपुढं पंच बसले. भिकाभाऊ लय नियमाचा पंच. म्हणाला, "पोरगी गुणाची. पण कोणत्या घरची? परकी असंल तर आम्ही मांडवात पाय ठेवणार नाय."

कौसा खाली बघत बसली. मंदा माझ्या कानात, "आजी, मोडलं गं."

"गप. बाबा अजून बोलले नायत."

बाबा उठून घरी गेले. परत आले तर पुढं बाबा, मागं तो इस्तरीवाला लेक, नि दोघांच्या डोक्यावर त्यांच्या घराचं सागाचं दार!

कौसाच्या चौकटीला दार टेकवलं. दम खाल्ला.

"भिका," म्हणाले, "मांडवाचा पहिला खांब हितं रोव."