कोमेरा डोंगरावरचा बर्फ आणि आमचे सासरे

पांढऱ्या रंगाच्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास न ठेवणारा माणूस साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात जन्माला यावा, ही देवाची एक चूक. आणि तो माझा सासरा असावा, ही दुसरी. मामांनी हिमाचलातल्या एका चौकीवर बावीस वर्षं रोज सकाळी बर्फ मोजला होता. तो कधी कोसळेल याचा अंदाज खाली कळवायचा, ही त्यांची नोकरी. २०२० च्या मार्चमध्ये ते महिन्याभरासाठी लेकीकडे, आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डकडच्या आमच्या गावात आले आणि विमानं बंद झाल्यानं अडकले. मोजायला बर्फ नाही म्हणून ते आमच्या फ्रीजरमध्ये जमलेला थर पट्टीनं मोजू लागले. वैशालीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, वाढदिवसाचा केक त्यांनी वाकून आडवा न्याहाळला, टिचकी मारली आणि निकाल दिला, "मधला थर कच्चा हाय. वरचं समदं घसरंल." सुरी लावताच केकचा वरचा मजला खरंच टेबलावर उतरला. एवढे खूश झालेले मामा मी त्या वर्षात पुन्हा पाहिले नाहीत.

मी लॉकडाऊनमध्ये जुन्या स्की विकत घेऊन व्हिडिओ बघून बघून शिकलो होतो. २०२१ च्या जानेवारीत घरामागचा कोमेरा डोंगर पांढरा झाला. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती, पण डोंगर त्याच्या आत होता. शेजारचा डोनल आणि मी निघालो, तर मामाही निघाले : माकडटोपी, लेकीचा गुलाबी रेनकोट आणि हातात स्वयंपाकघरातला कालथा. वर घळीच्या तोंडाशी त्यांनी कालथ्यानं बर्फ उभा कापला, त्यावर तीनदा थोपटलं. वरचा ठोकळा अलगद सरकून खाली पडला.

"हितनं उतरू नगा, जावईबापू. वाऱ्यानं वर जड बर्फ आणून टाकलाय, खाली भुसभुशीत हाय."

ते काय म्हणतायत, असं डोनलनं विचारलं. मला त्या कालथ्याची आणि रेनकोटची लाज वाटली. "म्हातारे झालेत. त्यांना वाटतं, अजून हिमालयातच आहेत," मी इंग्रजीत म्हणालो. आम्ही दोघं हसलो. मामांना इंग्रजी बोलता येत नसे. कळत मात्र सगळं होतं.

स्की बांधून आधी मी घळीत उतरलो. चौथ्या वळणावर 'धप्प' असा आवाज झाला आणि आख्खा उतारच माझ्यासकट निघाला. थांबलो तेव्हा छातीपर्यंत गाडला गेलो होतो. मामांनी डोनलला हातानं वरच थांबवलं, स्वतः बसून घसरत आले आणि कालथ्यानं मला उकरू लागले. "श्वास घ्या. बोलू नगा," एवढंच म्हणाले.

घरी माझं लंगडणं बघून वैशाली ओरडली. मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "म्याच नेलं त्यास्नी. मलाच बर्फ बघायचा हुता."

"आप्पा, या वयात एवढं कळत नाही तुम्हाला? यांना काही झालं असतं तर?"

ओल्या कपड्यांत, मान खाली घालून ते ऐकत राहिले. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मी चहा मागितला.

पुढे विमानं सुरू झाली. डब्लिनच्या विमानतळावर मी कसाबसा म्हणालो, "मामा, त्या दिवशी…" त्यांनी हात वर केला. "मफलर वापरत जावा. हितलं वारं वंगाळ," म्हणाले आणि आत गेले.

अजूनही हिवाळ्यात त्यांचा फोन येतो. "डोंगर पांढरा झाला का?" "झालाय, मामा." "बरं, लेकीला द्या," ते म्हणतात. मी फोन तिच्या हातात देतो आणि दुसऱ्या खोलीत जातो.