जमनाबाईंची उधई

जमनाबाईंच्या खुराड्यात पन्नास पिल्लं एकमेकांची पिसं उपटत होती, आणि पंधरवड्यानं मोठे साहेब तपासणीला येणार होते. एकोणीसशे साठच्या दशकाची सुरुवात होती. मी शहाद्याला पोल्ट्री सुपरवायझर. म्हसावदजवळच्या वस्तीवर जमनाबाईंना पांढऱ्या लेगहॉर्नची ही पिल्लं मीच मोठ्या हौसेनं दिली होती. ती जगली तरच त्यांना पुढची पिल्लं मिळणार होती, आणि अंडी विकायचं त्यांनी मनात पक्कं केलं होतं.

चिक मॅश, म्हणजे पिल्लांचं बारीक दळलेलं खाद्य, वरून आलंच नव्हतं. ज्वारीच्या कण्यांनी पिल्लाचं पोट भरतं, पण प्रथिनं मिळत नाहीत. मग ते शेजारच्याची शेपटी टोचतं.

"भाऊ, उधई काबर नही देतस?" जमनाबाईंनी विचारलं.

उधई म्हणजे वाळवी. मी म्हणालो, "आमच्या पुस्तिकेत तसं काही नाही."

"तुमनं पुस्तक पिल्ले वाचतस का?"

त्यांनी मडक्यात ओलं शेण आणि कडब्याचे तुकडे कोंबले आणि बांधावरच्या वाळवीच्या वारुळावर ते पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मडकं नुसतं वळवळत होतं. अंगणात रिकामं केलं आणि पिल्लांची अशी झुंबड उडाली की मी टाळ्याच पिटल्या. आठवड्यात पिसं उपटणं थांबलं.

मग माझ्या अंगात संशोधक शिरला. ऑफिसमागे, गोदामाच्या भिंतीला लागून, मी पाच मडकी ओळीनं मांडली. जमनाबाईंनी बजावलं होतं, "भीतले लावू नका. आनि रोज उचला, नही ते ती घरमा घुसस." मी मान डोलावली. भिंतीची सावली मला सोयीची वाटली, आणि तपासणीच्या धावपळीत मडकी आठवडाभर तशीच राहिली.

साहेब आले. तुकतुकीत पिल्लं पाहून खूश झाले. जमनाबाईंना जीपमध्ये बसवून ऑफिसात आणलं आणि मला म्हणाले, "संतुलित खाद्याच्या पुस्तिका काढा. यांच्या वस्तीवर वाटायला देऊ."

मी गोदामातलं कपाट उघडलं. वरची मुखपृष्ठं शाबूत होती. खाली माती, आणि मातीत पांढरी वळवळ. नोकरी गेली, असंच वाटलं.

जमनाबाई शांतपणे पुढे झाल्या आणि तो ढीग टोपलीत भरू लागल्या. "फेकू नका, साहेब. पिल्लेसले व्हई."

साहेबांनी वाकून टोपलीत पाहिलं. मग इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"अहो, अहवालात लिहा," ते म्हणाले, "पुस्तिका थेट लाभार्थ्यांच्या पोटात पोहोचल्या."

जमनाबाईंना पुढची शंभर पिल्लं मंजूर झाली. मडकं मात्र मी पुन्हा कधी भिंतीला लावलं नाही, आणि रोज सकाळी आठवणीनं उचललं.