हितेशने बुडवलेली होडी

हितेश केणे ठाण्यात एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन आहे. शाळेपासूनचा माझा मित्र. ठाकुर्लीत हितेशच्या घरच्यांच्या जमिनीवर जी बिल्डिंग उभी राहिली, तिच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी आम्ही पाच-सहा जण त्याच्याभोवती बसून खेळायचो. खेळ असा, की प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. कुणी चोर, कुणी वैदू, कुणी राजाचा हेर. समोर काय दिसतंय ते हितेश सांगणार, आपण काय करतो ते आपण सांगायचं, आणि जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे. सगळं जग त्याच्या तोंडून कळायचं, म्हणून आम्ही त्याला मास्तर म्हणायचो.

बाहेरचे तयार नियम त्याला पटत नसत. नऊ वर्षं खपून त्याने स्वतःचे लिहिलेले, दोनशे बारा पानं. त्याचे वडील राघोकाका तरुणपणी मिठागरात कामाला होते. त्यांना विचारून विचारून त्याने भरती-ओहोटीचा तक्ता केलेला: कुठल्या तिथीला खाडीत किती पाणी, किती चिखल, त्यात पाय किती रुतणार. तसं काम दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. पण खेळताना कुणी "मी भिंत चढतो" म्हणालं की मास्तर पानं उलटायला लागायचा. ओली भिंत, दगडी, दोरासकट. तोवर आमचे मोबाइल बाहेर आलेले असायचे. फासे उलटे पडले की म्हणायचा, "नाही जमलं." पुन्हा टाका. पुन्हा नाही जमलं.

जागृती त्याच टेबलावर शिकली. कल्याणच्या कोळ्यांची मुलगी, एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. आठ महिने खेळली आणि एके दिवशी बॅगेतून एक कागद काढून म्हणाली, "हितेशदादा, मी शनिवारी कल्याणला टेबल सुरू करतेय. हे नियम. बघशील?"

हितेशने कागद उलटून मागची बाजू पाहिली. कोरी होती.

"बाकीचे कुठेयत?"

"एवढेच आहेत."

तो हसला. "एवढ्यात माझी भिंतपण चढून होत नाही."

मी त्याला न सांगता कल्याणला गेलो. तिच्या कागदावर एक ओळ होती: फासे उलटे पडले तरी गोष्ट थांबवू नका, किंमत सांगा. म्हणजे भिंत चढशील, पण वर पोचेपर्यंत पहारेकऱ्याने तुला पाहिलेलं असेल. आणि ही किंमत ती फासे टाकायच्या आधी सांगायची. मग टाकायचं की नाही, तू ठरव. त्या दिवशी चार तास माझा मोबाइल खिशातच राहिला.

हळूहळू आमचे रविवार गळायला लागले. दोन्ही दिवस घराबाहेर कोण राहणार? मी आईच्या तब्येतीचं कारण सांगायचो. मग आमच्यातल्याच समृद्धीने स्टेटसला जागृतीच्या टेबलाचा फोटो टाकला, त्यात मी. हितेशचा फोन आला. खोटं का बोललास, हे त्याने विचारलंच नाही.

"समृद्धी उभी का आहे रे फोटोत?"

"असंच. खेळात रंगली आणि उठली."

त्याने फोन ठेवला. त्याच्या टेबलावर असं कुणी कधी उठलेलं नव्हतं.

त्याची बायको दक्षता मला नंतर म्हणाली, "जेवतानापण तेच चाललेलं. शेवटी मीच सांगितलं, घरात बसून जळतोस कशाला? एकदा जाऊन ये."

तो आला. जागृतीच्या गच्चीवर, पत्र्याखाली, पाचवी खुर्ची त्याची. त्याने तांडेलाचं पात्र घेतलं, म्हणजे होडीचा म्होरक्या. आम्ही सगळे त्याच्या होडीत. खेळ सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती, आणि हितेश म्हणाला, "मी होडी बुडवतो."

तिचा खेळ मोडायलाच तो आलेला, हे मला तेव्हा कळलं. त्याच्या टेबलावर आम्ही असं काही केलं असतं तर तो "चालणार नाही" म्हणाला असता. जागृतीने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"बुडव. पण तूपण वाचणार नाहीस अशी भरती आहे, आधीच सांगते. आणि तांडेल का बुडवतोय?"

तेवढ्यात समृद्धी, आपल्या पात्राच्या आवाजात, अगदी हळू म्हणाली, "तांडेल, आमचं काय चुकलं?"

"तुम्ही दुसऱ्या होडीत बसायला निघालेलात." त्याच्या तोंडून निघून गेलं.

मी टेबलाकडे बघत बसलो. जागृतीने फासे त्याच्याकडे सरकवले. "टाक."

होडी बुडाली. समृद्धीच्या पात्राने तांडेलाचा दंड धरला आणि सोडला नाही. पुढचे दोन तास आम्ही चिखलातून त्याला ओढत किनाऱ्याला आणत होतो. हितेश शेवटी उभा राहून बोलत होता, त्याला स्वतःलाही कळलं नसावं.

जिना उतरताना तो थांबला. जागृती सोडायला आलेली.

"मला तुझा राग येतो," तो म्हणाला. "मी वाट लावायला आलेलो. तू त्याचाही खेळ केलास. ते जास्त लागलं."

"माहितेय दादा. मला तुझ्या त्या भरतीच्या तक्त्याचा राग यायचा. मला तसं कधी सुचणार नाही."

रिक्षात बसल्यावर त्याने मला विचारलं, "बरं वाटावं म्हणून बोलली ना?"

मला खरंच माहीत नव्हतं, तसं सांगितलं.

आता त्याची पानं सत्तरवर आलीत. तक्ता ठेवलाय, भिंती गेल्या. त्याच्याकडे आम्ही चौघं येतो, एक रविवार आड. मी दोन्हीकडे जातो, आता लपवत नाही. दर वेळी फासे मांडता मांडता तो, माझ्याकडे न बघता, विचारतो, "तिकडे काय झालं काल?" मी सांगतो. तो सगळं ऐकून घेतो, चेहरा पडत जातो, आणि मी थांबलो की म्हणतो, "मग? पुढे?"