विज्ञानाचा ओला पट्टा

नगरात एक फोटोवाले होते. दुकानात आलेल्या पोराला नावाआधी विचारायचे, "पदवी कशात?" पदवीच्या फोटोसाठी काळा झगा एकच, पण खांद्यावरचे पट्टे निराळे: बी.ए.चा, बी.एस्सी.चा, वकिलीचा.

माझा नातू बी.एस्सी. झाला. मुलीकडचे परवा यायचे, फोटो आजच काढायचा, आणि नेमका त्याचाच पट्टा धोब्याकडं!

मी म्हणालो, "बी.ए.चा घाला. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग कुणाला कळतोय?"

फोटोवाले म्हणाले, "बाबा, पोराला कळतंय न्हवं? त्यो रसायन शिकलाय, काव्य न्हाई."

मी तिथंच हटून बसलो. हट्टाला शाळा लागत नाही. तेही हटून बसले. शेवटी सायकलीवरून जाऊन पट्टा ओलाच घेऊन आले. मानेवर गार पाणी ओघळलं तसा नातू खदखदून हसला, आणि त्यांनी तेवढ्यात फोटो काढला.

मुलीकडच्यांनी पट्ट्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "एवढं शिकून पोरगा हसतोय. पसंत हाय."