शलोमभाऊंनी वाचून दाखवलेलं पुस्तक

उभा जन्म वाचनालयात काढला की पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. पुस्तकं निदान परत तरी करतात लोक. किस्से सगळे माझ्याकडेच राहिले!

मुरूडच्या रस्त्यावरचं आमचं गाव. दर रविवारी सकाळी वाचनालयात आमचा चौघांचा अड्डा. गणिताचे परब सर, नारळाच्या वाडीचा विनू, मी आणि शलोमभाऊ. शलोमभाऊ म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. पूर्वी यांचे तेलाचे घाणे असत आणि शनिवार त्यांच्या धर्मात विश्रांतीचा, त्या दिवशी ते बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आवाज असा खणखणीत, की मोठ्यानं वाचायचं काम कायम त्यांचंच.

आता परब सर देवाघरी गेले. शलोमभाऊ गुडघ्यांनी थकले, तशी लेक त्यांना इस्राएलला घेऊन गेली. रविवारचा चहा मी अजून करते, पण खरं सांगू? गोड लागत नाही.

*

चौघांचा अड्डा भरत होता तेव्हा, एका रविवारी विनू अलिबागच्या स्टँडवरून पुस्तक घेऊन आला. जर्मनीच्या त्या हुकूमशहाचं, मराठीतलं! "काय शिस्त! काय देशप्रेम! सगळ्यांनी वाचायला पायजे."

त्यात ज्यूंबद्दल काय गरळ ओकलीय ते मला ठाऊक होतं. विनूनं मात्र नुसतं कव्हर वाचलेलं! हा आणि शलोमभाऊ पहिलीपासून एका बाकावरचे. आज ही दोस्ती तुटणार, असंच वाटलं मला.

शलोमभाऊंनी शांतपणे हात पुढे केला. "आण इकडे विन्या. वाचायचं काम माझं ना?"

*

शलोमभाऊंचं वाचून झालेलं एकेक पान परब सरांनी पेपरासारखं तपासायला घेतलं. लाल पेन काढलं आणि समासात लिहीत सुटले. 'पुरावा?' 'कशावरून?' 'पुन्हा तेच!'

एके ठिकाणी लिहिलेलं, की सगळा पैसा ज्यूंच्या मुठीत. थोडं पुढे गेलो तर पैसेवाल्यांविरुद्ध कामगारांना भडकवणारेही ज्यूच!

सर खवळले. "अरे, शेटही हाच आणि संपवालाही हाच? एक काहीतरी ठरव ना बाबा! शून्य मार्क!"

"अक्षराचे तरी द्या," विनू म्हणाला.

"छापील आहे गाढवा!"

*

ज्यूंच्या जगभरच्या कटाची गोष्ट आली. त्या कटाचे म्हणून जे कागद फिरवले गेले ते खोटे आहेत असं लोक ओरडून सांगतात, हाच म्हणे ते खरे असल्याचा पुरावा!

सर लाल पेन बाजूला ठेवून म्हणाले, "विनू, माझी छत्री तू चोरलीस."

"मी? न्हाय बा!"

"बघा! नाही म्हणतोय. म्हणजे चोर हाच!"

विनू इतका भडकला, की चहा न पिताच निघून गेला. पुढच्या रविवारी आला तो बरोबर छत्री घेऊन. "ही घ्या माझी. पण चोर म्हणू नका!"

*

जगाची सूत्रं ज्यूंच्या हातात, हे वाक्य आलं तेव्हा मला राहवेना. "शलोमभाऊ, जगाचं राहू द्या. आपल्या आळीतला लाईट तेवढा लावा हो! ग्रामपंचायत दाद देत नाही."

शलोमभाऊ गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "वर कळवतो."

हसून हसून सरांना ठसका लागला.

*

मग ते आलं, की ही माणसं स्वतः राबत नाहीत, दुसऱ्याच्या जिवावर जगतात. विनू उसळलाच. "खोटं हाय! ह्याच्या आजाच्या घाण्याचं तेल खाऊन वाढलोय मी! आमचा शल्या तसा न्हाय. ते तिकडचे असतील तसे."

शलोमभाऊंनी चष्मा पुसला. "विन्या, तिकडेही प्रत्येक आळीत कुणीतरी म्हणतच असेल, आमचा तसा नाही. मग तसा असलेला राहिला कोण?"



*

शेवटी ते पान आलं, जिथे ज्यूंना माणसातच धरलेलं नाही. किडे, रोगजंतू, काय वाट्टेल ते. शलोमभाऊ एका सुरात वाचत होते. सर खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, उठावं आणि ते पुस्तक हिसकावून घ्यावं.

विनूनंच हात आडवा घातला. "बस कर शल्या. तुझ्या तोंडून न्हाय ऐकवत."

शलोमभाऊंनी उघडं पुस्तक त्याच्यापुढे धरलं. "बरं. मग तू वाच. मी ऐकतो."

विनूनं पुस्तक घेतलं. घसा खाकरला. शलोमभाऊ समोर हाताची घडी घालून बसले होते. विनूनं एकदा पानाकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे.

"शल्या," तो म्हणाला, "न्हाय रे वाचवत."