एका आजाराचा हप्ता, सगळ्यांच्या पगारातून

डॉक्टरांनी गुडघ्याखाली छोट्या हातोडीने टकटक केलं. पाय हलला नाही. पुन्हा केलं, तरी नाही. मला वाटलं, बरंच आहे, दुखत तर नाही. पण डॉक्टरांचा चेहरा बदलला. ते माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाले, "यांना आत्ताच ॲडमिट करा. गियाँ-बारे सिंड्रोम दिसतोय. जीबीएस."

"म्हणजे लकवा का, साहेब?"

"तसंच समजा, पण बहुतेक लोक यातून उठतात. जंतूंशी लढणारी शरीराची फौज चुकून स्वतःच्याच नसांवर तुटून पडते. पायांपासून सुरू होऊन वर वर ताकद कमी होत जाते. छातीपर्यंत पोचायच्या आत थांबवायचं."

तुमच्या हातापायांना दोन्ही बाजूंनी सारख्याच मुंग्या येत असतील आणि रोज वाढत असतील, तर कृपा करून मी केलं तसं करू नका. मी वाळूजला वायर हार्नेस बनवणाऱ्या कंपनीत काम करते. हार्नेस म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरींचा एकत्र बांधलेला जुडगा. दिवसभर अंगठ्याने कनेक्टर दाबून आमच्या लाइनवरच्या प्रत्येक बाईची बोटं बधिर होतात. म्हणून मुंग्या आल्यावर मी दवाखान्यात गेले नाही, लाइन लीडरकडे गेले आणि टेबल बदलून मागितलं. त्याने ते दिलंही. आठवडा संपायच्या आत मला कंपनीच्या बसची पायरी चढता येईना.

त्याआधी माझं पोट बिघडलं होतं. त्या जुलाबांचा आणि या पायांचा संबंध असेल, असं स्वप्नातही आलं नव्हतं.

पहिल्या दिवशी एनसीव्ही झाली. हातापायांना विजेचे बारीक झटके देऊन नसांमधून संदेश किती वेगाने जातो ते बघतात. मग पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. या तपासणीला लोक फार घाबरतात. घाबरू नका. सुईपेक्षा पोटाशी गुडघे घेऊन पडून राहण्याचाच त्रास जास्त होतो.

उपचार होता आयव्हीआयजीचा. असंख्य लोकांनी दिलेल्या रक्तातून काढलेलं औषध असतं ते, सलाइनसारखं चढवतात. एका बाटलीची किंमत ऐकून नवरा खाली जाऊन पायरीवर बसला. नंतर इन्शुरन्स डेस्कवरच्या मुलीने निरोप पाठवला की कंपनीच्या मेडिक्लेममधून कॅशलेस मंजूर झालंय. तो वर आला तो दोन कप चहा घेऊन. मला गिळता येत नव्हतं हे त्या आनंदात तो विसरूनच गेला.

आमच्याकडे पगार ठरलेल्या मर्यादेवर गेला की माणूस ईएसआयच्या सरकारी विम्यातून बाहेर पडतो. मग कंपनीची ग्रुप पॉलिसी लागू होते. ग्रुप पॉलिसी म्हणजे सगळ्या कामगारांची मिळून एक पॉलिसी. मला पगारवाढ मिळाली तेव्हा मी लाइनवर पेढे वाटले होते. पॉलिसीत काय लिहिलंय ते मात्र वाचलं नव्हतं. पेढे खाणाऱ्यांनीही वाचलं नव्हतं.

आयसीयूत डॉक्टर मला एका दमात आकडे मोजायला लावायचे. श्वासाची ताकद कळते त्यावरून. शिफ्टचे आठ तास तोंड बंद न ठेवणारी बाई मी, पण पंधराच्या पुढे जाईना. त्या दिवसांत मी खरोखर घाबरले होते. मग एका सकाळी आकडा पुढे सरकला आणि नर्सने टाळी वाजवली. पुढचे महिने फिजिओथेरपी, वॉकर, आणि साडीचा काठ पायात येऊ नये म्हणून घातलेले नवऱ्याचे पायजमे.

कामावर परतले तेव्हा मला बसून करायचं तपासणीचं काम मिळालं. हात अजून खांद्यापर्यंतच जायचा. सगळ्या भेटायला आल्या. बरं वाटलं.

पुढच्याच महिन्यात पॉलिसीचं नूतनीकरण आलं. एचआरचे कुलकर्णी सर शिफ्टच्या सुरुवातीला म्हणाले, "यंदा क्लेम मोठा झाला, त्यामुळे विमा कंपनीने सगळ्यांचा प्रीमियम वाढवलाय. आपली माणसं थोडी, लगेच फरक पडतो. शिवाय सरकारने वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी काढला, पण ग्रुप पॉलिसीवरचा ठेवला. म्हणून मॅनेजमेंटचं म्हणणं, ग्रुप पॉलिसी बंद करू, तेवढे पैसे पगारात देऊ, ज्याची त्याने पॉलिसी घ्यावी. ती चालू ठेवायची असेल तर वाढलेल्या पैशातला अर्धा वाटा तुमच्या पगारातून कापावा लागेल. शुक्रवारी कॅन्टीनमध्ये हात वर करून ठरवा."

मोठा क्लेम कुणाचा, हे सरांनी सांगितलं नाही. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. इतक्या जणींनी एकदम न बघणं फार जड जातं.

संध्याकाळी मी गल्लीतल्या विमा एजंटला गाठलं. तो म्हणाला, "वहिनी, आजार फॉर्मवर लिहावाच लागंल. मग कंपनी नाय म्हणू शकते. नायतर त्या आजारासाठी तीन वर्षं थांबा म्हणंल. आधी चार होती, नवीन नियमानं तीन झाली." ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, पण तिथेही घ्यायचं की नाही ते तेच ठरवतात. डॉक्टरांनी तर सांगितलं होतं की हा आजार क्वचित, पण परत येऊ शकतो. म्हणजे ज्यांना कधी काही झालं नाही त्यांना बाहेर स्वस्त पडणार होतं, आणि मी उघड्यावर. तुमच्या कंपनीत असं विचारलं, तर होकार देण्याआधी घरातला जुना आजार नव्या पॉलिसीत बसेल का ते विचारून घ्या.

शुक्रवारी कॅन्टीनमध्ये पहिली उठली ती पूजा. आमच्या लाइनवरची सगळ्यात लहान, दिवाळीनंतर लग्न ठरलेली. "मला पैसे पगारात पाह्यजेत. काकू, राग नका मानू, पर तुमचा आजार परत येऊ शकतो का?"

"येऊ शकतो," मी म्हणाले. खोटं बोलायची इच्छा झाली होती, नाही असं नाही.

मग प्रेस मशीनवरचे भानुदासभाऊ बसल्याबसल्याच म्हणाले, "आपल्यात कुणी गेलं की सगळ्यांचा एक दिसाचा पगार कापून घरी देतो. कदी कुनी विचारलं, कशानं गेला? आता ही बाई जित्ती परत आली, तर हिशेब मांडून ऱ्हायले व्हय?"

"जित्ती हाय हीच चूक झाली म्हना काकूंची!" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळं कॅन्टीन हसलं. सगळ्यात मोठ्याने मी हसले, आणि हसता हसता रडू आलं.

सरांनी हात वर करायला सांगितले. पॉलिसी चालू ठेवावी म्हणून बरेच हात वर गेले. सगळे नाही. मी तशीच बसून राहिले. माझ्यासाठी दुसऱ्याचा पगार कापा, असं माझ्याच हाताने कसं सांगायचं?

शेजारी बसलेल्या पूजाने माझ्याकडे बघितलं. तिचा स्वतःचा हात खालीच होता. "काकू, तुमचं मत द्या ना, हक्काचंय," ती म्हणाली. मी हात उचलला, तो खांद्यापाशीच थांबला. तिने माझ्या कोपराखाली आपला तळवा लावला आणि सरांची मोजणी संपेपर्यंत माझा हात वर धरून ठेवला.